स्वयंपाकघराचे धुराडे : नकाशातील एक विसरलेली रेषा

नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे दिवाणखाना, देवघर, फरशी, भिंतींचे रंग या सर्वांचा ऊहापोह होतो. ज्या खोलीत रोज अन्न शिजते तेथील दूषित हवा बाहेर कशी जावी, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. घर पूर्ण झाल्यावर ओट्याच्या वर एखादे यंत्र टांगले की काम भागले, असा समज रूढ आहे. हा समज चुकीचा आहे. धुराडे ही घर झाल्यावर विकत आणावयाची वस्तू नव्हे. ते वास्तूचेच एक अंग होय.

हा विचार भारतात नवा नाही. वर्धा येथील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने बिनधुराच्या 'मगन चुली'चा पुरस्कार केला. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली लक्षावधी घरांसाठी धूरमुक्त स्वयंपाकघर कसे करावे याविषयी पुस्तिका लिहिली. चुलीइतकेच महत्त्व तिच्या धूरनळीस आहे, हे त्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

आता गॅसची शेगडी आली, धूर गेला, मग धुराडे कशास, असे पुष्कळांना वाटते. लाकडाचा धूर गेला हे खरे व स्वागतार्हही आहे. परंतु गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. शिवाय फोडणी व तळण यांतून तेलाचे अतिसूक्ष्म कण उडतात. फोडणीच्या खाटाने येणारा ठसका ही त्यांची ओळख होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अतिउष्ण तळणातून निघणाऱ्या वाफांची गणना 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरास ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. तळण चालू असलेल्या बंद स्वयंपाकघरात कणांचे प्रमाण तेवढ्या वेळापुरते या आकड्याच्या कितीतरी पट होते.

उपाय निवडताना प्रथम हवेचा स्वभाव ध्यानी घ्यावा. तापलेली हवा वर चढते व चढताना पसरत जाते. म्हणून शोषकाचे तोंड शेगडीइतके तरी रुंद असावे आणि ते फार उंच नसावे. शेगडीपासून साधारणतः ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर योग्य ठरते. पुढील बर्नरवरील वाफ सहज निसटते. म्हणून तळणाची कढई मागील बर्नरवर ठेवणे इष्ट.

दुसरी गोष्ट नळीची. दुकानात यंत्राची शक्ती ताशी इतके घनमीटर अशी मोठ्या अक्षरांत सांगितली जाते. परंतु लांब व वाकड्या नळीतून तेवढी हवा कधीच जात नाही. १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीऐवजी १० सेंटिमीटरची नळी घातली, तर तेवढीच हवा नेण्यास होणारा घर्षणाचा विरोध सुमारे सातपट होतो. प्रत्येक बाक त्यात भर घालतो. यास्तव नळी आखूड, सरळ व गुळगुळीत असावी. ती थेट बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडावी, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर किंवा बंदिस्त कूपकात नव्हे. काही यंत्रांना नळीच नसते. ती हवा कोळशातून गाळून पुन्हा खोलीतच सोडतात. त्यांनी वास कमी होतो, परंतु वाफ व उष्णता घरातच राहतात आणि ज्वलनाचे वायूही पुरतेपणी जात नाहीत. त्यापेक्षा शेगडीजवळच्या बाहेरच्या भिंतीत उंचावर बसविलेला साधा पंखा अधिक उपयुक्त होय.

तिसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्या हवेची. जितकी हवा बाहेर जाईल तितकी आत यावयास हवी. दारे-खिडक्या घट्ट लावून पंखा चालविला तर त्याचा जोर व्यर्थ जातो. इतकेच नव्हे, तर घरात गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र असल्यास त्याचे विषारी वायू उलट आत ओढले जाण्याचा संभव असतो. म्हणून शेगडीपासून दूर, खालच्या बाजूस हवा येण्याची वाट ठेवावी.

खर्चाचा आक्षेप येथे टिकत नाही. भिंत उभी राहत असताना एक भोक ठेवण्यास नगण्य खर्च येतो. तेच पुढे तुळई व नळ चुकवीत फोडावे लागले की खर्चही वाढतो आणि नळीस नको ते बाकही येतात. श्रीमंताचे यंत्र भारी असेल, गरिबाचा पंखा साधा असेल. भिंतीतील वाट दोघांनाही सारखीच हवी.

म्हणून घराच्या प्रत्येक नकाशात खिडकीप्रमाणेच धूरनळीचा मार्गही रेखाटलेला असावा, आणि तो नसेल तर नकाशा अपुरा समजावा. सार्वजनिक गृहयोजनांनी यात पुढाकार घेणे उचित होय. नळी बसविल्यानंतर तेलकट काजळी नियमाने काढली पाहिजे. साचलेले तेल हवा अडविते आणि पेटूही शकते.

घराची सोय कोणाच्या दृष्टीने पाहावी, हा अखेरीस न्यायाचा प्रश्न आहे. दिवाणखान्यात पाहुणा घटकाभर बसतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती, आणि आपल्या देशात ती बहुधा स्त्रीच असते, आयुष्यातील कित्येक वर्षे ओट्यासमोर उभी असते. तिच्या श्वासाचा हिशेब पाया खणण्यापूर्वीच मांडला गेला पाहिजे.