घरच्या शाळेची मास्तरीण कोण?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, ही कल्पना आता फक्त पुण्या-मुंबईच्या काही कुटुंबांपुरती राहिलेली नाही. आमच्या सांगलीसारख्या शहरातही अशी एखाद-दुसरी घरं भेटतात. या विषयावरच्या चर्चेत परीक्षांचा ताण येतो, वाढत्या फिया येतात, मातृभाषा येते, मुलांचं स्वातंत्र्य येतं. एक प्रश्न मात्र सहसा येत नाही. 'आम्ही मुलांना घरी शिकवायचं ठरवलं' असं जेव्हा आईबाप सांगतात, तेव्हा त्या 'आम्ही'मधलं रोज शिकवायला कोण बसतं? नोकरी कोणी सोडली? आणि पाच-सात वर्षांनी परत कामावर जायचं म्हटलं, तर कोणाची जागा गेलेली असते?

हे मी लांबून लिहीत नाही. माझी सात वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा गेलं दीड वर्ष घरीच शिकत आहेत. मुलगी ज्या इंग्रजी शाळेत होती तिथे बालवर्गापासून रोज पानंच्या पानं लिहून आणायची असत. सकाळी शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखू लागे; रविवारी दुखत नसे. तिला एक वर्ष घरी ठेवायचं असं ठरलं. ते बरं गेलं, म्हणून दुसरं धरलं. 'मग पालिकेच्या मराठी शाळेत का नाही घातलंस?' असं संघटनेतल्या मैत्रिणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की घरची शाळा हा आमचा पंथ नाही. मुलीचं मन शाळा या शब्दालाच धास्तावलं होतं, ते सैल व्हायला वेळ हवा होता. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात कधीही प्रवेश मिळतो. ती वाट आम्ही उघडी ठेवली आहे.

मुलं घरी शिकतात का? शिकतात, हे निःशंकपणे सांगते. वाण्याकडे पावशेर आणि अर्धा किलो मोजताना मुलीला अपूर्णांक कळले. एस. टी. स्टँडवरच्या गावांच्या पाट्या वाचत मुलगा जोडाक्षरांपर्यंत आला. 'इस्लामपूर' आणि 'विश्रामबाग' हे त्याचे पहिले कठीण शब्द. दोन मुलांना मिळून दिवसाला दीड-दोन तास धड बसून शिकवलं तरी या वयाला पुरतं.

पण ते दीड-दोन तास मिळण्यासाठी एका मोठ्या माणसाला दिवसभर हाताशी असावं लागतं, ही गोष्ट घरच्या शाळेबद्दल उत्साहाने बोलणारे सांगत नाहीत. मुलाचा प्रश्न वेळापत्रक बघून येत नाही. कागद, कात्री, खळ आणायची, पसारा आवरायचा, भांडणं सोडवायची, मध्येच भूक लागते ती भागवायची, आणि रात्री मुलं झोपल्यावर उद्या काय करायचं ते बघायचं. शाळेत हे काम शिक्षिका, मदतनीस, शिपाई आणि स्वयंपाकी ताई मिळून करतात. घरात ते एकटी आई करते, आणि त्याला काम म्हणत नाहीत.

वस्तीतल्या बायकांबरोबर आम्ही दिवसभराच्या कामांचा तक्ता भरून घेतो. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखायचे आणि कोणी काय केलं ते लिहायचं. तोच तक्ता मी महिनाभर आमच्या घराचा भरला आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावला. बहुतेक रकान्यांत माझंच नाव होतं. मी कामासाठी वस्तीत जात असे त्या दिवशी सासूबाईंचं. म्हणजे एका बाईचा वेळ मोकळा झाला तो दुसऱ्या बाईच्या वेळावर. माझा जोडीदार समतेच्या विचाराचा आहे, मुलांवर त्याचा जीव आहे, संध्याकाळी तो गोष्टी सांगतो. तरी तक्त्यात तो सकाळी नव्हता आणि दुपारीही नव्हता. तक्ता वाचल्यावर त्यानं कामाच्या ठिकाणी पाळी बदलून घेतली. त्यात त्याचा भत्ता गेला. आता आठवड्यातले तीन दिवस दुपारपर्यंत मुलं, त्यांचा अभ्यास आणि त्यांचं जेवण त्याच्याकडे असतं आणि मी माझ्या कामावर असते. सासूबाई गोष्ट सांगतात ती त्यांना सांगावीशी वाटते तेव्हा. ही व्यवस्था भांडून मिळाली, आणि ती दर महिन्याला पुन्हा सांभाळावी लागते.

आमचं घर काही जगावेगळं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. शिवाय ८१ टक्के स्त्रिया हे काम करत होत्या आणि जेमतेम २६ टक्के पुरुष. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटं आहेत. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली. पुरुषानं मात्र आपली नऊ कमी करून घेतली! अशा घरात शाळा आणून ठेवली तर ती कोणाच्या डोक्यावर बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सगळ्या शाळा एकदम बंद झाल्या तेव्हा आपण ते पाहिलंच. मोबाइलसमोर मूल, त्याच्या शेजारी आई, आणि गॅसवर कुकर.

'आईसारखा गुरू नाही' हे वाक्य इथे फार कामाला येतं. शाळांच्या भिंतींवर 'शिकलेली आई घरादाराला पुढे नेई' ही घोषणा रंगवलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. घर पुढे गेलं. आईचं काय झालं, ते घोषणेत नाही. लहान मुलांना शिकवणं हे बाईचं स्वाभाविक काम मानलं, की घरात ते फुकट होतं. अंगणवाडीत सेविका तेच काम करते, तर तिच्या मोबदल्याला पगार न म्हणता मानधन म्हणतात. दोन्हींच्या मागचा विचार एकच आहे: हे कौशल्य नव्हे, ही माया आहे, आणि मायेचा हिशेब करायचा नसतो.

घरी शिकणं हे आपल्या स्त्रियांना नवीन नाही, हेही विसरू नये. एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या कितीतरी बायका घरीच शिकल्या. सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवलं. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवलं. आणि लक्ष्मीबाईंना त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी, सनातन्यांचा विरोध पत्करून. या बायकांचं शिक्षण घरातल्या एका पुरुषाच्या उदारपणावर अवलंबून होतं. शेजारच्या घरात तसा पुरुष नसेल तर तिथली मुलगी निरक्षर राहायची. म्हणूनच घरी शिकलेल्या या दोघींनी पुढे काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडलं. घरात जे दयेनं मिळालं, ते घराबाहेर सगळ्यांच्या हक्काचं व्हावं यासाठी दोघींनी आयुष्य वेचलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही मूल जगण्यातून शिकतं हे ओळखलं होतं. पण 'आपापल्या मुलांना घरी शिकवा' असं त्या म्हणाल्या नाहीत. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली.

आता माझ्या कामातली गोष्ट सांगते. आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. बाईचे कष्ट त्या जोडीत मुरून जातात. पहाटे दोघं फडात गेली की कोपीवर राहते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी. ती धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, भात टाकते. गावाकडच्या शाळेच्या पटावर नाव असतं, पण हंगामाचे पाच-सहा महिने ती तिथे नसते. सरकारी व्याख्येनुसार सलग तीस दिवस गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य, आणि कोणत्याच शाळेत नाव नसलेलं मूलही शाळाबाह्य. म्हणजे सरकारच्या कागदावर कोपीवरची ती मुलगी आणि माझी मुलगी एकाच रकान्यात येतात. एकीजवळ पुस्तकं आहेत आणि शिकवायला वेळ काढणारे आईबाप आहेत. दुसरीचाच वेळ तिच्या आईबापांनी वापरून टाकला आहे, कारण त्यांच्या मजुरीत पाळणाघर बसत नाही.

त्यामुळे 'शाळेची गरजच काय' असं कोणी सरसकट म्हणू लागलं की मला भीती वाटते. वस्तीत चौकशीला गेलं की 'ती घरी शिकतेय' हे उत्तर मला मुलींबद्दल मिळतं, मुलांबद्दल क्वचितच. बहुतेकदा त्याचा अर्थ ती घरकाम शिकतेय असा असतो, आणि त्यापुढची पायरी लग्नाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली होती. अशा मुलीला शाळा फक्त धडे देत नाही. तिला घराबाहेर पडायचं कारण देते, मैत्रिणी देते, आणि ती आली नाही तर 'का आली नाही' असं विचारणारं एक माणूस देते. माझ्या मुलीला याची निकड नाही, कारण तिच्याभोवती माणसं आहेत. म्हणून माझ्या सोयीचा निर्णय तिच्यासाठी धोरण होऊ शकत नाही. २०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळांची योजना मांडली, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता: शाळा लांब गेली तर पहिल्यांदा घरी कोण बसेल?

काही मैत्रिणी म्हणतात, 'शंभर वर्षं झगडून बायकांना उंबऱ्याबाहेर काढलं, आणि तुम्ही शिकलेल्या बायका मुलांच्या नावानं परत आत चाललात.' या बोलण्यात तथ्य आहे. पण उत्तर म्हणून घरी शिकवणाऱ्या बाईला दोष देऊन भागणार नाही. रडत शाळेत जाणाऱ्या मुलाकडे पाहून ती निर्णय घेते. तो प्रश्न खरा आहे. आपण विचारायचं ते असं, की या निर्णयाची किंमत कोण भरतं आणि ती उघडपणे मोजली जाते का.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. पहिली घराशी. मुलांना घरी शिकवायचं ठरवताना कोण किती तास देणार हे आधी कागदावर लिहा. बापाचे तास संध्याकाळच्या गोष्टीपुरते असतील, तर तो दोघांचा निर्णय नाही; ती बाईच्या श्रमांची परस्पर केलेली तरतूद आहे. दुसरी सरकारशी. २००९ च्या कायद्याचं कलम १० पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं. घरी शिकणाऱ्यांबद्दल कायदा स्पष्ट बोलत नाही. या धूसरपणात आमच्यासारख्यांचं निभावतं, पण त्याच आडोशाला घरी बसवलेली मुलगी कोणाला दिसत नाही. घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद व्हावी आणि वर्षातून एकदा तरी बाहेरच्या माणसाने मुलाला, विशेषतः मुलीला, प्रत्यक्ष भेटावं. माझ्या घरीही यावं. माझी हरकत नाही. तिसरी आपल्या चळवळीशी. जवळची चांगली शाळा, तिथे मार नसणं, पाळणाघर, अंगणवाडी सेविकेला पगार, या मागण्या आणि घरातल्या श्रमविभागणीचा प्रश्न हे वेगळे विषय नाहीत.

माझ्या मुलीला शाळेबाहेर ठेवण्याची मुभा मला मिळाली. ही मुभा टिकवायची असेल, तर कोपीवरच्या मुलीला शाळेत जाण्याचा हक्क मिळावा म्हणून मलाच जास्त भांडलं पाहिजे.