तेरड्याचा रंग किती दिवस?

आमच्या घरी गौर तेरड्याची. मुखवट्यांची नाही, खड्यांचीही नाही. आईचे माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीकडचे. पुण्यात बिऱ्हाड करून पन्नास वर्षे झाली, तरी भाद्रपदात तेरड्याची रोपे मुळासकट घरात आल्यावाचून गौर आली असे तिला वाटतच नाही. मुळे म्हणजे गौरीची पावले! बाजारातली मुळे छाटलेली जुडी एकदा आणली, तेव्हा ती म्हणाली, "पावलांवाचून गौर चालत यायची कशी रे?"

तेव्हापासून रोपे आणण्याचे काम माझ्याकडे. जागाही ठरलेली. टेकडीच्या पायथ्याने जाणारा रस्ता आहे, त्याच्या कडेचा तो उतार. तेरड्याची गुलाबी फुले, मधूनच कुर्डूचे तुरे, खाली केन्याची निळाई आणि टाकळ्याची पिवळी फुले. टाकळ्याच्या पानांवर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात, म्हणून तिथे सदा भिरभिर चाललेली. आघाडा आणि दूर्वाही तिथेच मिळतात.

यंदा आवाहनाच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन गेलो आणि थबकलोच. सगळा उतार न्हाव्याने डोके भादरावे तसा भादरलेला! गवत कापायचे यंत्र खांद्याला अडकवून एक तरुण पलीकडे उभा होता.

"अरे बाबा, एवढी गौर होईपर्यंत तरी थांबायचं होतंस!" मी जरा तावातावानेच म्हणालो.

त्याने यंत्र बंद केले. "साहेब, आमच्या घरची गौरबी तेरड्याचीच हाय. पण मुकादम म्हणाले, सोसायटीचा अर्ज आलाय. गवत माजलंय, साप निघत्यात, लगेच कापा."

कोणत्या सोसायटीचा, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कारण श्रावणात तो अर्ज मीच लिहिला होता. "तरी आपण त्वरित योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती," असा त्याचा शेवट होता, आणि भाषेबद्दल आमच्या चिटणिसांनी माझी पाठही थोपटली होती.

वाचकहो, आपल्याला रस्ता स्वच्छ हवा असतो. पण स्वच्छ म्हणजे बोडका, असे आपण केव्हा ठरवून टाकले कोण जाणे. तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. त्याची बोंडे पिकली की नुसत्या बोटाच्या स्पर्शाने फुटतात आणि बी दूर उडते. लहानपणी हा खेळ कोण खेळले नाही? बोंडे पिकण्याआधीच यंत्र फिरले, की पुढच्या वर्षासाठी बी पडायचे कोठून? दोन-चार वर्षे असे चालले, की तेरडा तिथून उठलाच.

आणि जागा काही रिकामी राहत नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाजरगवत हजर होते. परदेशातून आलेल्या या पाहुण्याची पुण्यातली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि आज ते देशभर पसरले आहे. एकेका झाडाला हजारो बिया. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, माणसांना खाज आणि शिंका. म्हणजे पदरचे पैसे खर्चून आपण तेरड्याला उठवतो आणि गाजरगवताला पाट मांडतो!

गंमत पाहा. पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. तेथे तेरड्याचाच एक भाऊबंद फुलतो. तो पाहायला आपण गाड्या काढतो, पैसे भरून आत जातो. घराजवळचा तेरडा मात्र आपल्याला 'माजलेले गवत' दिसतो.

वळणावर समोरची गाडी दिसायला हवी, पायवाट मोकळी हवी, हे खरेच. तेवढी कडेची पट्टी जरूर कापावी. उरलेले गवत दिवाळीनंतर, बोंडे फुटून गेल्यावर कापले तर काय बिघडेल? यंत्र तेच, माणूस तोच, मजुरीही तीच. बदलायची ती फक्त तारीख.

त्या तरुणाने मला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. मोरीच्या कठड्याआड, यंत्र पोहोचले नव्हते तिथे, तो वाकला आणि तीन रोपे मुळासकट उपटून आला. दोन मला दिली, एक स्वतःच्या डब्याच्या पिशवीत ठेवले. घरी आई रोपे धुताना म्हणाली, "यंदा फारच लहान गौर रे!" मी गप्प बसलो. पुढे विसर्जनाच्या रात्री मात्र तिला सारे सांगितले.

"मग आता दुसरा अर्ज लिही," ती एवढेच म्हणाली.

लिहिला आहे. पहिल्या अर्जावर यंत्र आले. दुसऱ्याची अजून नुसती पोच आली आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. पण बी पडू दिले, तर ते तीन दिवस दरवर्षी येतात.