गोळी हा शेवटचा डोस, पहिला नाही



आज कपाशीची नोंद नाही. ९ ऑगस्ट जवळ आलाय. मावळचा गोळीबार नव्या पोरांना माहीतच नाही, म्हणून लिहितोय. पेजवर कृषी खात्यातले, विद्यापीठातले लोकही आहेत, त्यांनीही वाचावं.

२०११ ची गोष्ट. पवना धरणातलं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं. नदीत पाणी वाहिलं तर काठावरच्या मोटारी चालतात, पाणी पाईपात गेलं की नदी कोरडी. एवढा साधा हिशोब होता. शेतकरी बऊरजवळ एक्सप्रेस वेवर उतरले, रस्ता अडला, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघं गेली. एक बाई, दोन पुरुष.

त्यानंतर काय झालं? योजनेचं काम थांबलं आणि कित्येक वर्षं थांबूनच राहिलं. माझा प्रश्न इथंच आहे. तीन मयतं झाल्यावर जे काम थांबवता आलं, ते आदल्या आठवड्यात थांबवून बोलायला बसता आलं नसतं का?

२०१७ ला पुणतांब्यातून शेतकरी संप निघाला. १ जूनला संप सुरू, आणि ६ जूनला तिकडं मध्य प्रदेशात मंदसौरला गोळीबारात पाच शेतकरी मेले. मागणी काय, तर मालाला भाव आणि कर्जमाफी. त्यातलं काहीही बंदुकीनं सुटणारं नव्हतं.

आता आपल्या भाषेत बोलू. बोंडअळी दिसली की आपण थेट लाल त्रिकोणाचं औषध मारतो का? आधी कामगंध सापळा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरायचं. मग निंबोळी अर्क, मग सौम्य औषध, जहाल औषध सगळ्यात शेवटी. पायऱ्या सोडून वर उडी मारली तर शास्त्रज्ञ आपल्याला शहाणा म्हणत नाहीत. मग माणसांच्या गर्दीला ही पायरी का नको? बोलणी, इशारा, ढाली, पाण्याचा मारा, अश्रुधूर, हे सगळं करून बघितलं आणि तरीही समोर कुणाचा जीव जातोय, तरच गोळी. रस्ता अडला, काच फुटली, एवढ्यासाठी नाही. गर्दी पळायला लागली की तिथंच थांबायचं.

कायदाही वेगळं सांगत नाही. गर्दी पांगवायला लष्कर बोलावलं तरी कमीत कमी बळ वापरा, कमीत कमी इजा करा, असं जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १३० मध्ये लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, त्यातही ते आहे. पण त्याच कायद्यात दुसरी गोष्टही आहे: अशा कारवाईबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी लागते. म्हणजे ज्याच्या हुकमाखाली बंदूक, परवानगी द्यायचीही त्यानंच. न्याय अडतो तो इथं.

पोलिसांची बाजूही सांगतो. हवालदार आपल्याच घरातला, कुणब्याचाच पोरगा. सोळा तास उभा, वरून दगड येतात, मागून साहेबाचा वायरलेस. तो घाबरतो. म्हणूनच घाबरलेल्या माणसाच्या हातात पुढच्या रांगेत रायफल द्यायची नाही.

आणि दुसरा रस्ता असतो हे आपण बघितलंय. मार्च २०१८ ला नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी मुंबईला चालत गेले. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालले. सरकार बोलायला बसलं, १२ मार्चला लेखी आश्वासन दिलं. दगड नाही, गोळी नाही. आश्वासन किती पाळलं हा वेगळा विषय, पण सगळी माणसं जिवंत घरी गेली.

माझ्या मते एवढं तरी व्हावं:

१) आंदोलनाची नोटीस आली की निर्णय घेऊ शकेल असा अधिकारी आधी गावात यावा. निवेदन घेऊन फोटो काढणारा नको.
२) पुढच्या रांगेत ढाली आणि पाण्याचा फवारा, रायफली मागं.
३) गोळीचा हुकूम कुणी दिला, किती वाजता दिला, याची लेखी आणि कॅमेऱ्यात नोंद.
४) चौकशीचा अहवाल ठरलेल्या मुदतीत, मराठीत, तालुक्याला सगळ्यांना वाचायला मिळावा.
५) आपल्या बाजूनं स्वयंसेवक नेमायचे. दगड उचलणाऱ्याचा हात आपणच धरायचा. एक दगड शंभर जणांची मागणी बुडवतो.

कुणाला पटेल, कुणाला नाही. पोलीस खात्यातला कुणी वाचत असेल तर त्यानं जरूर लिहावं, शिव्या कुणी द्यायच्या नाहीत. ग्रामसभेत यातला तिसरा-चौथा मुद्दा ठराव म्हणून मांडता येतो, बघा जमतं का.

पुढची नोंद सापळ्यातल्या पतंगांची. मोजून ठेवा, आकडे पाठवा.