'होकुतोसेई' का बंद झाली? जपानची रात्रगाडी आणि ५,००० व्होल्टचा फरक

जपानमध्ये रात्रीच्या स्लीपर गाड्या पुन्हा चर्चेत आहेत. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने जून २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२७ च्या वसंत ऋतूत नवी रात्रगाडी सुरू होणार. दहा डबे, सगळ्या खासगी खोल्या, एकूण १२० प्रवासी. डबे मात्र कोरे नसतील. सध्या धावणारी ई६५७ मालिकेची गाडी आतून बदलून वापरणार आहेत.

बातमी छान आहे. पण आधीच्या रात्रगाड्या बंद का पडल्या, हे समजून घेतल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. "बुलेट ट्रेन आली, विमानं स्वस्त झाली" हे नेहमीचं उत्तर खरं आहे, पण माझ्या मते अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर 'होकुतोसेई' नावाच्या गाडीत सापडतं.

निळ्या गाड्यांचा काळ

१९५८ मध्ये तोक्यो ते हाकाता धावणाऱ्या 'असाकाझे'ला वातानुकूलित निळे डबे मिळाले. तिथून या गाड्यांना 'ब्लू ट्रेन' नाव पडलं. १९६४ मध्ये तोक्यो-ओसाका बुलेट ट्रेन म्हणजे शिंकान्सेन सुरू झाली आणि १९७५ मध्ये ती थेट हाकातापर्यंत पोहोचली. मग विमानं, रात्रीच्या बस आणि स्टेशनजवळची स्वस्त हॉटेलं आली. तोक्योहून क्युशू बेटावर जाणाऱ्या शेवटच्या ब्लू ट्रेन मार्च २००९ मध्ये थांबल्या.

उत्तरेकडची गोष्ट वेगळी होती. होन्शू आणि होक्काइडो या बेटांमध्ये समुद्र आहे. १९५४ च्या वादळात तिथे 'तोया मारू' ही फेरीबोट बुडाली आणि ११०० हून अधिक लोक गेले. त्यानंतर समुद्राखालून रेल्वे नेण्याच्या कामाला जोर आला. ५३.८५ किमी लांबीचा सेईकान बोगदा १३ मार्च १९८८ ला सुरू झाला आणि त्याच दिवशी होकुतोसेई सुरू झाली. नावाचा अर्थ सप्तर्षी. तोक्योच्या उएनो स्टेशनवरून संध्याकाळी निघायचं आणि सुमारे १६ तासांनी, १२०० किमीवर साप्पोरोला उतरायचं. डायनिंग कार होती, 'रॉयल' नावाच्या खोल्यांमध्ये शॉवरसुद्धा होता. ऐन भरात रोज तीन-तीन फेऱ्या व्हायच्या.

एक रात्र, तीन प्रकारची इंजिनं

ही गाडी चालवणं किती किचकट होतं बघा. तोक्योजवळ तारेत १,५०० व्होल्ट डीसी. उत्तरेला २०,००० व्होल्ट एसी. दोन्हींवर चालणारं एक इंजिन तिला आओमोरीपर्यंत न्यायचं. तिथे इंजिन बदलायचं, दुसरं बोगद्यातून हाकोदातेला न्यायचं. पुढे सलग विजेची तार नाही, म्हणून दोन डिझेल इंजिनं जोडायची.

मालकीही तुकड्यातुकड्यांत होती. १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचं विभाजन होऊन प्रवासी वाहतुकीसाठी सहा कंपन्या झाल्या. पुढे २००२ आणि २०१० मध्ये बुलेट ट्रेन उत्तरेकडे सरकली, तसे मोरिओका ते आओमोरीचे जुने रूळ दोन छोट्या स्थानिक कंपन्यांकडे गेले. म्हणजे एका तिकिटात चार कंपन्यांचे रूळ. भाडं वाटून घ्यायचं, रात्रपाळीचा स्टाफ मात्र प्रत्येकाने ठेवायचा.

बोगद्यातला करंट बदलला

२६ मार्च २०१६ ला बुलेट ट्रेन याच बोगद्यातून होक्काइडोत पोहोचली. जुने रूळ १,०६७ मिमी गेजचे, बुलेट ट्रेनचे १,४३५ मिमीचे. त्यामुळे सुमारे ८२ किमीच्या सामाईक मार्गावर तिसरा रूळ टाकला. आणि तारेतली वीज २०,००० वरून २५,००० व्होल्ट केली.

इथेच जुनी इंजिनं बाद झाली. बँकेचं अ‍ॅप एक दिवस 'तुमचं व्हर्जन सपोर्टेड नाही' म्हणतं, तसं झालं. फोन चालू आहे, पण आता त्याचा उपयोग नाही. डबेही जुने झाले होते, आणि नव्या मार्गाची कामं नेमकी रात्रीच करावी लागत होती. होकुतोसेईची रोजची फेरी मार्च २०१५ मध्ये थांबली, ऑगस्टमध्ये ती कायमची गेली.

मग मालगाड्या कशा चालतात?

माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. त्याच बोगद्यातून मालगाड्या आजही जातात. जेआर फ्रेट कंपनीने त्यासाठी २०,००० आणि २५,००० अशा दोन्ही व्होल्टेजवर चालणारी ईएच८०० इंजिनं घेतली. २०१७ मध्ये सुरू झालेली 'शिकी-शिमा' ही महागडी पर्यटन गाडीसुद्धा या बोगद्यातून जाऊ शकते.

म्हणजे तांत्रिक उपाय होता. साध्या प्रवाशांच्या रात्रगाडीसाठी त्याचा खर्च उचलायला कुठलीच कंपनी पुढे आली नाही. चौघांची गाडी शेवटी कुणाचीच राहिली नाही.

आणि जिच्यासाठी जागा केली, ती बुलेट ट्रेन अजून साप्पोरोला पोहोचलेली नाही. ती २०३० च्या आसपास येणार होती. आता २०३८ च्या पुढची भाषा सुरू आहे. तोवर तोक्योहून रेल्वेने साप्पोरोला जायचं तर शिन-हाकोदाते-होकुतोला गाडी बदलायची. एकूण साधारण आठ तास, तेही दिवसाचे. झोपेत अंतर कापायची सोय गेली ती गेलीच.

आपल्याकडे हाच प्रश्न कसा सुटला?

मुंबईतही तारेत १,५०० व्होल्ट डीसी होता आणि बाहेर २५,००० व्होल्ट एसी. २०१६ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने बदलला. मधल्या काळात रेल्वेने दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं वापरली, लांबच्या गाड्या चालूच राहिल्या. कारण रूळ, इंजिन आणि तिकीट एकाच मालकाचं होतं.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानी तंत्राचीच आहे, पण तिचा ५०८ किमीचा मार्ग पूर्ण वेगळा. त्यामुळे होकुतोसेईसारखी विजेची टक्कर इथे होणार नाही. इथल्या रात्रगाड्यांचं भवितव्य ठरेल ते टाइमटेबल आणि पैशावर. "बुलेट आली, आता स्लीपर कशाला?" असं कुणी म्हणालं, तर कारण तांत्रिक आहे की हिशोबाचं, हे नक्की विचारा.

नव्या गाडीकडून किती अपेक्षा ठेवायची?

जपानमध्ये आज रोज धावणारी एकच स्लीपर सेवा उरली आहे, 'सनराइज सेतो' आणि 'सनराइज इझुमो'. १९९८ पासूनची ही गाडी तोक्योहून १४ डब्यांची जोडगाडी म्हणून निघते आणि ओकायामाला दोन भागांत विभागते. तिला वेगळं इंजिन लागत नाही, मोटर डब्यांखालीच असतात. तिच्यात 'नोबिनोबी' नावाच्या आडवं होण्याच्या जागाही आहेत. त्यांना स्लीपरचं जादा भाडं लागत नाही, म्हणून विद्यार्थ्यालाही ती परवडू शकते.

जेआर ईस्टची नवी गाडी डीसी आणि २०,००० व्होल्ट एसीवर चालणाऱ्या मालिकेतली आहे. आहे त्या स्वरूपात ती सेईकान बोगद्यातून जाऊ शकणार नाही. शिवाय दहा डब्यांत फक्त १२० माणसं. त्यामुळे रात्रगाडी परत येतेय असं मी म्हणेन, पण होकुतोसेई परत येतेय असं म्हणणार नाही. नोबिनोबीसारखी एखादी स्वस्त जागा त्यात असती, तर माझं मत वेगळं असतं.