वाढत्या अंगाचे व्हायोलिन नको!

गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, व्हायोलिन नव्हे. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून तांजोंग पगारमधील आपल्या काही घरांत लहानग्यांच्या हाती पूर्ण मापाचे वाद्य येते. आम्हांला हे पटत नाही. दांडी वगळता ते सुमारे ३६ सें.मी. भरते, 'पाव' मापाचे सुमारे २८. वाद्य खांद्यावर ठेवून मुलाला डावा हात लांब करायला सांगा. वळलेले टोक तळव्यात येऊन बोटे त्याभोवती सहज मिटली, तर माप बरोबर. मोठ्या वाद्याने खांदा चढतो, मान अवघडते, सूर चुकतो. आणि आपण म्हणतो, मुलाला गोडीच नाही!

लहान झालेले कपडे आपण एकमेकांच्या मुलांना देतोच. तशीच ही छोटी व्हायोलिनेही, त्यांच्या मापाच्या गजासह, आपसांत फिरावीत.