‘गार्डन्स ऑफ द मून’: दुर्बोधतेचा आक्षेप

स्टीव्हन एरिक्सन यांची ‘गार्डन्स ऑफ द मून’ (1999) ही दहा खंडांच्या ‘मालाझान’ या फँटसी मालिकेतली पहिली कादंबरी. पहिल्या शंभर पानांत काहीच कळत नाही, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. निरीक्षण खरे आहे, त्यावरून काढलेला, लेखन फसल्याचा निष्कर्ष मात्र चुकीचा. एरिक्सन पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र शिकलेले. हे जग त्यांनी इयान एसलमाँट यांच्यासह 1980च्या दशकात भूमिका-खेळासाठी (रोल-प्लेइंग गेम) रचले. त्यामुळे साम्राज्ये, देव आणि जमाती यांचा इतिहास कथेच्या आधीपासूनच चालू असतो. कादंबरीतल्या पेल शहराच्या वेढ्यातला सैनिक हा इतिहास कोणाला समजावत बसत नाही. वाचकालाही तो उत्खननातल्या खापरांसारखा तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. ही अडचण हेतुपूर्वक ठेवलेली आहे. नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखकाने तिचे समर्थनही केले आहे.

पात्रे उथळ वाटतात, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. ही कादंबरी आधी पटकथा म्हणून लिहिली गेली होती, आणि पटकथेची घाई काही प्रसंगांत उरली आहे. ‘डेडहाउस गेट्स’ (2000) या दुसऱ्या खंडात ती उणीव भरून निघते. हजारो निर्वासितांना वाचवत नेणाऱ्या सेनापती कोल्टेनची कूच वाचताना, ही मालिका केवळ क्रौर्य दाखवते हा आणखी एक आक्षेपही टिकत नाही. तिथल्या काळोखाच्या मुळाशी करुणा आहे. म्हणून पहिल्या खंडावरून मालिकेचा निकाल लावणे अन्यायाचे ठरते; निदान दुसरा खंड वाचायलाच हवा.