रेंज ही मालकाची मेहेरबानी नाही

आखातात टगवर, बार्जवर, सप्लाय बोटीवर राबणाऱ्यांत आपली कोकणातली पोरं कमी नाहीत. ड्युटी संपली की फोन हातात धरून डेकभर रेंज शोधत फिरायचं, हे त्यांचं रोजचं. केबिन म्हणजे पोलादी डबा. मोबाईलच्या लहरी पोलादातून आत येत नाहीत.

मालक म्हणतो, "समुद्रात रेंज कुठली?" खोल समुद्रात नाही, तिथं सॅटेलाईटच लागतं. पण किनाऱ्याजवळ नांगरलेल्या बोटीचं तसं नाही. पाण्यापासून 9 मीटर उंच लावलेल्या अँटेनाची नजर सुमारे 12 किलोमीटर जाते, किनाऱ्यावरच्या 36 मीटर टॉवरची सुमारे 25. म्हणजे हिशेबानं 37 किलोमीटर. प्रत्यक्षात कमी मिळेल, पण बंदराबाहेर थांबलेल्या बऱ्याच बोटी यात बसतात.

लागतं काय? बाहेर उंचावर अँटेना, आत सिमकार्डचा राऊटर, आणि केबिनपर्यंत वायफाय. अँटेना चारी दिशांचा घ्यावा, कारण नांगरावरची बोट वाऱ्या-भरतीनं फिरत राहते. 4जीसाठी दोन अँटेना असले तर वेग वाढतो. केबल जितकी लांब, तितका सिग्नल वाटेतच मरतो, म्हणून राऊटर जवळ ठेवावा. जोड खाऱ्या पाण्यापासून नीट झाकावेत, रडारच्या झोतात काही लावू नये. बूस्टर मात्र बाजारातून आणून लावू नका. अनेक देशांत परवान्याशिवाय तो बेकायदा आहे. आणि हे काम कंपनीच्या माणसाचं आहे. परवानगी आणि सेफ्टी बेल्टशिवाय डोलकाठीवर कुणी चढू नये.

आता हक्काचं. खलाशांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारात (भारतानं तो 2015 मध्ये मान्य केला) झालेला बदल 23 डिसेंबर 2024 पासून लागू आहे. शक्य असेल तिथं मालकानं बोटीवर इंटरनेट द्यावं, आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत, असं त्यात आहे. बोटीवर झेंडा कुठल्या देशाचा आणि त्या देशानं करार मान्य केलाय का, हे आधी बघा. मासेमारीच्या बोटी आणि पारंपरिक धाव मात्र या कराराबाहेर राहिल्यात. त्या भावांसाठी वेगळी लढाई लागेल.

हा प्रश्न फक्त घरच्यांशी बोलण्याचा नाही. याच करारात, दोन महिने पगार थकला तर मालकानं खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरलं जातं, आणि मग मदत मागता येते. पण मागायची कशी? ज्या बोटीवर पगार थकतो, तिथं नेट नसणं मालकाच्या पथ्यावरच पडतं. तक्रार डेकवरून पुढं जातच नाही.

म्हणून मंडळी, एकेकट्यानं कुरकुरू नका. सगळ्यांच्या सह्यांनी कॅप्टनला लेखी द्या: अँटेना बसवा, राऊटर द्या, दर सांगा. अर्जाचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा. आणि हे सगळं पगार वेळेवर येतोय तेव्हाच करा. थकल्यावर रेंज शोधायला उशीर झालेला असतो.